एक हात म्हातारा, एक हात तरुण

पैलवानाचा हात वर गेला तशा सभागृहातल्या सगळ्या माना वर गेल्या. हात खाली आला तेव्हा लाकडी छताखाली असा काही आवाज घुमला, की मागच्या रांगेतल्या एका बाईने डोळेच मिटून घेतले. समोर बाकावर उघड्या पाठीने बसलेला माणूस मात्र तसूभरही हलला नाही. पैलवानाच्या जोडीला दुसरा सेवक आला. दोघांनी मिळून ती पाठ अशी बडवली, की एखाद्या बैलानेही गुडघे टेकले असते. मग ते घाम पुसत बाजूला झाले आणि त्या माणसाने पाठ लोकांकडे केली. गुळगुळीत, स्वच्छ पाठ. एक वळ नाही, एक डाग नाही.

"वय किती माझं?" त्याने न वळताच विचारलं.

"त्र्याऐंशी," सगळे एका सुरात म्हणाले.

"आणि बाहेर किती आलं?"

"शून्य."

याला सगळे 'तरुण आजोबा' म्हणत. डोंगरावरच्या, तळ्याकाठच्या या केंद्रात लोक लांबलांबून येत ते त्याच्यासाठी. केस काळेभोर, दात शाबूत, चाल विशीतल्या पोरासारखी. त्याचं म्हणणं सोपं होतं आणि तो ते सोपं करून सांगे. वय म्हणजे वर्षं नव्हेत, वय म्हणजे अंगात साठलेला गाळ. नळ तुंबला तर आपण काय करतो? ठोकतो. मग देहाची नळी तुंबली तर औषधांचे लाड कशाला? ठोका, गाळ वर येईल. माझ्यातला सगळा निघाला, म्हणून मला मारून आता काही निघत नाही.

मग त्याने पहिल्या रांगेतल्या एका बाईंना पुढे बोलावलं. पोस्टाच्या खिडकीमागे हयात घालवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या बाई. त्यांनी बाही वर केली आणि पैलवानाने कोपराच्या आतल्या मऊ भागावर चापट्या मारायला सुरुवात केली. हात आधी गुलाबी झाला, मग लाल, आणि बघता बघता कातडीखाली जांभळे-काळे ठिपके उमटले.

"आला बघा गाळ," आजोबा बोट ठेवून म्हणाला. "हे लाल आहे ती तुमची पन्नाशी. आणि हा काळा ठिपका दिसतो ना, ती सत्तरी. आगाऊच येऊन बसली होती आत, मुक्कामाला."

लोक हसले, टाळ्या पडल्या. पोस्टातल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते दुखल्याचं की आनंदाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसलेल्या एका बाईला मात्र हसू आलं नाही. ती फिजिओथेरपिस्ट होती. पंचवीस वर्षं हॉस्पिटलात लोकांचे आखडलेले खांदे सोडवण्यात आणि मोडलेल्या पायांना पुन्हा चालायला लावण्यात गेली होती. मुका मार तिने रोज पाहिला होता. तिच्या शेजारी तिचा नवरा होता, आणि नवऱ्यापलीकडे त्याची थोरली बहीण. बहीण तिला 'वहिनी' म्हणे, म्हणून केंद्रातही पहिल्याच दिवशी ती सगळ्यांची वहिनी झाली.

ही सहल ठरवली होती ताईनेच, म्हणजे नणंदेने. ताई अठ्ठावन्न वर्षांची, एकटी, स्वतःचं ब्यूटी पार्लर चालवणारी आणि बोलायला लागली की समोरच्याला हसवून हसवून मेटाकुटीला आणणारी. आयुष्यभर दुसऱ्या बायकांचे केस काळे केले, सुरकुत्या लिंपल्या, पण आपल्या आरशाशी तिचं जमत नव्हतं. दरवर्षी ती कुठेतरी आरोग्य सहलीला जाई. कधी चिखलाने अंग माखून घेई, कधी गरम पाण्याच्या झऱ्यात बसे, कधी कुठे जाऊन आठवडाभर मौन पाळी, आणि परत आल्यावर ते सगळं मौन एका दिवसात भरून काढी. वहिनीचा त्याला कधी विरोध नव्हता. चांगली हवा, वेळेवर जेवण, भरपूर झोप. एवढं मिळालं तर कुणालाही बरं वाटणारच, त्यात चिखलाने काही बिघडत नाही, असं ती म्हणे.

येताना बसमध्ये तिघांचा याच विषयावर वाद रंगला होता. चांगलं म्हातारं व्हायचं म्हणजे काय? ताई म्हणाली, मुळात व्हायचंच नाही. वहिनी म्हणाली, ऐंशीव्या वर्षी कुणाचा हात न धरता जिना चढता आला की झालं. नवरा खिडकीपाशी बसला होता. तो विमा कंपनीत कारकून. ऑफिसात त्याला गोगलगाय म्हणत आणि त्याला ते ठाऊक होतं. शेवटी खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "मला एवढंच हवंय, की आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं वाटू नये." ताईने त्याच्या डोक्यावर टप्पल मारून विषय बदलला. ती त्याला अजूनही 'धाकट्या' म्हणे.

केंद्रात पाऊल ठेवताच मोबाइल काढून घेतले. मग एक मोठी काचेची पेटी पुढे आली, तिच्यावर लिहिलं होतं 'कुबड्या'. आपापली औषधं तिच्यात टाकायची. लोक हसत हसत गोळ्यांच्या पट्ट्या टाकत होते. पोस्टातल्या बाईंनी हृदयाच्या गोळ्या टाकल्या. ताईने इन्शुलिनचं पेन टाकलं.

वहिनीने तिचा हात धरला. ताईला वीस वर्षांचा मधुमेह होता आणि गेली कित्येक वर्षं तो इन्शुलिनवरच आटोक्यात होता. वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली की हे औषध एक दिवसही बंद करता येत नाही, ही काही व्हिटॅमिनची गोळी नाही. आजोबा शांतपणे हसला. शिकलेल्या माणसांचं वय मेंदूत साठतं, तिथे चापट मारायची सोय नाही, म्हणून त्यांचं अवघड असतं, असं म्हणाला. पुन्हा हशा. ताई लाजली आणि तिने हात सोडवून घेतला. तिला हसण्याची सवय होती, हसं होण्याची नव्हती.

वहिनीच्या पर्समध्ये जादाचं पेन होतं. रोज सकाळी ती ते घेऊन ताईच्या खोलीत जाई आणि ताई दार लावून घेई. घरी परत जाऊया म्हटलं तर नवरा म्हणे, ती काय लहान आहे का, तिचं तिला कळतं. खरं तर तोवर त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी आजोबाने त्याचा तळहात हातात घेऊन निरखला होता आणि भर सभेत सांगितलं होतं, की असा हात मी फार वर्षांत पाहिला नाही, या हातात लोकांचं वय ओढून काढण्याची ताकद आहे. गोगलगाईला आयुष्यात कुणी असं काही म्हटलं नव्हतं.

त्याला सेवक केलं गेलं. पैलवानाने त्याला मारायला शिकवलं. हात ताठ, बोटं जुळलेली, मनगट सैल, आणि तळवा सपाट पडला पाहिजे. आधी तो बिचकत मारी. मग सरावला. जेवणाच्या टेबलावर त्याचा आवाज चढू लागला. दुसऱ्याचं बोलणं तोडून तो बोलायला लागला, आणि लोक गप्प बसून ऐकत. वहिनी त्याला मारताना बघत असे. समोरच्या माणसाच्या दंडावर काळं उमटलं की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते तिने लग्नाला तीस वर्षं होत आली तरी पाहिलं नव्हतं.

ताईचे पाय तोच बडवू लागला. मधुमेहाने तिच्या पायांची जाणीव अर्धीमुर्धी गेली होती, त्यामुळे इतर कण्हत तिथे ताई गप्पा मारत बसे आणि सगळ्यांना तिचं कौतुक वाटे. पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. एका ठिकाणी कातडी फुटून पाणी झिरपायला लागलं. आजोबा म्हणाला, वाट मोकळी झाली. मग ताईला तहान लागायला लागली. ती तांब्यामागून तांब्या पाणी पिई. मग उलट्या सुरू झाल्या. आजोबा म्हणाला, हट्टी वय आहे, तोंडावाटे निघतंय.

वहिनी दार ढकलून ताईच्या खोलीत शिरली तेव्हा तिच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. तिने बोटाला सुई टोचून साखर तपासली. मीटरने आकडाच दाखवला नाही. मोजता येण्याच्या पलीकडे गेली होती. ताई अर्धवट शुद्धीत हसली आणि म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस आहे गं. एवढं सोसलं, आता कशाला मोडतेस?" वहिनीने पेन काढलं तर तिने ते हातातून हिसकून खिडकीबाहेर भिरकावलं. खाली दगडावर पडून त्याचे तुकडे झाले.

वहिनी तडक नवऱ्याला गाठायला गेली. तो खोलीत हात शेकत बसला होता. तिने सांगितलं की ताई मरेल. आज, उद्या, पण मरेल. गाडी बोलाव, हॉस्पिटलात नेऊया. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही, असं काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, तुझा प्रश्नच नाहीये, तू बाजूला हो, मी केंद्राच्या फोनवरून फोन करते. तो दाराला पाठ लावून उभा राहिला. तिने त्याला ढकललं, आणि त्याने तिच्या तोंडावर चापट मारली.

हात ताठ, मनगट सैल, तळवा सपाट. तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली आणि तोंडात रक्ताची चव आली. आजवर त्याने तिच्यावर आवाजही चढवला नव्हता. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता.

"आता नीट बघून सांग," ती कपाटाला धरून उठत म्हणाली. "माझं किती वय बाहेर आलं?"

तो बाहेर गेला आणि जाताना त्याने बाहेरून कडी लावली.

सकाळी कडी निघाली. वहिनी पळत ताईच्या खोलीत गेली, तर नवरा आधीच तिथे होता. ताईला चाकांच्या खुर्चीत बसवलं होतं, मान एका बाजूला कलली होती, श्वास खोल आणि भरभर चालला होता. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर शेवटचा मार द्यायचा, आणि अंगावर काही उमटलं नाही की वय निघालं असं जाहीर करायचं, असा तिथला नेम होता. ताई पुटपुटली, "आज हळू मार रे, धाकट्या."

"आज नाही लागणार ताई," तो म्हणाला. "आज हात असा धरायचाय." आणि त्याने तळहात वाकवला. बोटं जुळलेली, मधे खळगा, अर्ध्या ओंजळीसारखा.

वहिनी जागच्या जागी थांबली. हा हात तिचा होता. न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बाळांच्या पाठीवर ती रोज अस्साच हात मारत आली होती, छातीतला कफ सुटावा म्हणून. खळग्यात हवा अडकते, तिची उशी होते. आवाज ढोलासारखा येतो आणि बाळ झोपेतून जागंही होत नाही.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आजोबांनी. शेवटच्या दिवशी ओंजळीत प्राण धरून मारायचं असतं. त्यांनाही पैलवान असाच मारतो."

सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांसमोर आलं. पहिले दिवस सपाट हात, म्हणजे माणूस काळानिळा होणार. शेवटच्या दिवशी ओंजळी हात, म्हणजे काहीच उमटणार नाही. आणि आजोबाच्या पाठीवर कायमचाच ओंजळी हात. पण ते बोलायला वेळ नव्हता. ती खुर्चीपुढे आडवी झाली. पैलवानाने तिला दंडाला धरून भिंतीवर फेकलं, खुर्ची सभागृहात नेली आणि दार लावलं.

आतून आवाज येऊ लागले. ढप, ढप, ढप. मग टाळ्यांचा कडकडाट. मग काहीतरी धप्पकन पडलं आणि टाळ्या थांबल्या.

वहिनीने व्हरांड्यातलं लोखंडी स्टूल उचललं आणि सभागृहाच्या खिडकीवर घातलं. काचांमधून आत उडी मारताना तिची मांडी चिरली. ताई जमिनीवर पडली होती. आजोबा हात वर करून सांगत होता की वय गळून पडलंय, कुणी शिवू नका, उठेल ती पंचविशीची होऊन. लोक गोल करून उभे होते. वहिनी त्या गोलात घुसली. पैलवानाने मागून तिचे केस धरले तेव्हा तिने त्याच्या मनगटाला असा कडकडून चावा घेतला, की तो ओरडून मागे सरला.

नवरा गुडघ्यांवर बसून ताईला हाका मारत होता. ताई ओ देत नव्हती. एकदा, दोनदा, पुन्हा. मग त्याचा चेहरा विसकटला. त्याने बहिणीला खांद्यावर टाकलं आणि तो दाराकडे निघाला. पैलवान दारात आडवा झाला. नवऱ्याने, त्या गोगलगाईने, पैलवानानेच शिकवलेला सपाट हात त्याच्या नाकावर हाणला. रक्ताची धार लागली. अंगणात चादरी-टॉवेल धुवायला नेणारी गाडी उभी होती, गाडीवाला आत बसून होता. मळक्या चादरींच्या ढिगावर ताईला ठेवून ते तिघे डोंगर उतरले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी शर्थ केली. संध्याकाळच्या आत ताई गेली.

डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं की पायांना हे काय झालंय. तो म्हणाला, "वय निघालंय." मग स्वतःचं बोलणं ऐकून थबकला. डॉक्टर म्हणाले, हे रक्त आहे. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या की रक्त तिथेच साकळतं, त्याचा हा रंग. कुणी मारलं यांना? पोलिसांना कळवावं लागेल.

"मी मारलं," तो म्हणाला आणि भिंतीशी खाली बसला.

वहिनी रात्रभर बाकावर बसून होती. तिला रडायचं होतं, पण सारखी ती काचेची पेटी आठवत होती. तिच्यात पोस्टातल्या बाईंच्या हृदयाच्या गोळ्या होत्या. कुणाच्या रक्तदाबाच्या, कुणाच्या फिटच्या. पोलीस कागदपत्रं आटोपून दुपारपर्यंत येतो म्हणाले. तोवर आणखी कुणी पडलं तर? उजाडल्यावर ती उठली. नवरा मागून आला.

केंद्रात कुणी घरी गेलं नव्हतं. आजोबाने एक दिवस मुक्काम वाढवला होता. ताई गेल्याची बातमी गाडीवाल्याने रात्रीच वर आणली होती आणि काय घडलं तेही आजोबाने सांगून टाकलं होतं; बाईंचं वय बाहेर पडत होतं, वहिनीने अर्ध्यावर गोल मोडला, ते वय उलटं आत गेलं आणि त्यानेच त्या गेल्या. त्यामुळे वहिनी सभागृहात शिरली तशी कुणीतरी "खुनी" म्हणून ओरडलं. एका बाईने तिची ओढणी खेचली. एक स्टीलचा पेला उडत आला आणि भुवईवर लागून रक्त वाहायला लागलं. आठवडाभर एका टेबलावर जेवलेली माणसं होती ती. डॉक्टर, वकील, दुकानदार. एरवी कुणाला वाटेत धक्का लागला तर माफी मागणारी.

"थांबा." पोस्टातल्या बाई उभ्या राहिल्या होत्या. खिडकीपुढची दंगेखोर रांग ताब्यात ठेवणारा आवाज होता तो. "बाईंना बोलू द्या. मग काय ते करा."

वहिनीने दोन्ही बाह्या वर केल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "मार. डाव्या हातावर पहिल्या दिवशी शिकवलं तसं. उजव्यावर काल शिकवलं तसं."

तो मान हलवत मागे सरला. माझ्याने नाही होणार, म्हणाला.

"परवा मी नको म्हणत असताना मारलंस. आज मी सांगतेय. मार."

तो मारू लागला. डाव्या हातावर सपाट, चटाक चटाक. उजव्यावर ओंजळी, ढप ढप. तो रडत होता आणि मारत होता. उजव्या हाताचा आवाज दुप्पट मोठा होता, आणि तरी सगळ्यांच्या देखत डावा हात लाल झाला, मग जांभळा, मग काळे ठिपके आले. उजवा थोडा गुलाबी झाला, बस. वहिनीने दोन्ही हात पुढे धरले आणि ती रांगेरांगेतून फिरली.

"हे दोन्ही हात माझेच आहेत," ती म्हणाली. "एकाच दिवशी जन्मले. मग डावा म्हातारा आणि उजवा तरुण कसा?"

आजोबा खाकरला. हृदय डावीकडे असतं, म्हणाला, त्यामुळे बायकांचं वय डाव्या अंगाला जास्त साठतं, हे मी आज सांगणारच होतो.

पोस्टातल्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी आपले हात पुढे केले. एका हातावरचे जुने डाग हिरवे-पिवळे होऊन विरत आले होते. "माझं उलट करा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दंडावर मारा, तिथे अजून कुणी मारलेलं नाही. डाव्यावर ओंजळी, उजव्यावर सपाट."

या वेळी उजवा काळा पडला. डावा कोराच राहिला.

वहिनीने मग सावकाश सांगितलं. पोकळ हात कसा असतो, लहान बाळांना तो का चालतो, आणि हे काळं म्हणजे गाळ नव्हे, रक्त कसं आहे. शेवटच्या दिवशी काही उमटत नाही ते वय संपलं म्हणून नाही, हात बदलला म्हणून. ती सांगत असताना पैलवान मागच्या दाराने निघाला होता. आजोबाही उठला. आणि तेवढं पुरलं.

पहिला हात कुणी उगारला ते कळलं नाही. बघता बघता त्याला बाकावर उपडा पाडला, सदरा फाडला आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. सपाट हात, एकजात सपाट. आठवडाभर सगळ्यांनी ते बघितलंच होतं. ती गुळगुळीत पाठ लाल झाली, जांभळी झाली, कातडी फुटली. तो वाचवा वाचवा म्हणून ओरडत होता. एक गृहस्थ धापा टाकत म्हणाले, "निघालं बघा, त्र्याऐंशी वर्षांचं निघालं," आणि लोक हसले. पहिल्या दिवशी हसले होते तसेच. सगळ्यांत जोरात मारत होता वहिनीचा नवरा.

वहिनी त्या घोळक्यात शिरली आणि आजोबाच्या पाठीवर आडवी पडली. दोन-चार फटके तिला बसले. मग हात थांबले. तिने नवऱ्याचं मनगट धरलं ते सोडलं नाही.

"काल याच्या शब्दावर तुम्ही माझ्या नणंदेला मारताना बघत उभे राहिलात," ती म्हणाली. "आज माझ्या शब्दावर याला मारताय. नुसता शब्द देणारा बदलला. उद्या तिसरा कुणी येईल. तुमचं डोकं कधी वापरणार? मला मारून खरं-खोटं करायचं नव्हतं. म्हणून दोन हात दाखवले. ते पुरे होतं."

लोक एकेक करून मागे सरले. आपल्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. पोस्टातल्या बाईंनी जाऊन ती काचेची पेटी उघडली आणि ज्याची त्याची औषधं ज्याला त्याला दिली.

पोलीस आले तेव्हा आजोबा बाकाखाली कण्हत होता. चौकशीत त्याचं वय पंचावन्न निघालं. ताईपेक्षा तीन वर्षांनी लहान. तो पूर्वी कुठल्याशा मसाज सेंटरमध्ये कामाला होता आणि केस दर आठवड्याला रंगवत होता. पार्लरवाल्या ताईला हे एका नजरेत ओळखता आलं असतं, पण तिने ओळखायचं नाही असं ठरवलं होतं. नवऱ्याने जबानीत पहिलं नाव स्वतःचं घातलं. मी मारलं, माझ्या हाताने मारलं, मला कुणी बांधून मारायला लावलं नव्हतं, असं त्याने लिहून दिलं. जीपमध्ये बसताना त्याने बायकोला विचारलं, तू येशील ना भेटायला. ती म्हणाली, आधी ताईचं सगळं करते, मग तुझ्याशी बोलेन; आणि बोलेन एवढंच म्हणतेय, बाकी काही नाही.

पोस्टातल्या बाई तिच्यासोबत बसने खाली आल्या. वाटेत त्यांनी विचारलं की मग चांगलं म्हातारं व्हायचं तरी कसं. वहिनीला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. रडून झाल्यावर तिने सांगितलं ते असं. चाला. जिने चढा. झोपा. माणसांत राहा. औषधं डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. डोंगरावर जावंसं वाटलं तर खुशाल जा, हवा खाऊन या. वय वाढणं हा काही रोग नाही, त्यामुळे ते बरं करून देतो म्हणणारा माणूस एक तर फसलेला असतो, नाही तर फसवत असतो. त्याच्या पायाशी बसण्याआधी त्याला एकच विचारा, हे दुसऱ्या हातावर करून पाहिलंत का? आणि तो विचारू देत नसेल, तर चपला घालून घरी निघून या. तेवढं वेळेवर केलं असतं, तर आज ताई पार्लर उघडून बसली असती.